जशी आहे तशी

करारात एकच ओळ जाड अक्षरात होती:
गाडी जशी आहे तशी, जिथे आहे तिथे.
पाचशेच्या स्टँपपेपरवर मी सही केली.
पेन तावडे एजंटनं दिलं, वर एक पेढा.

तीस वर्षं पालिकेच्या लॅबमध्ये
दुसऱ्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या मी.
गाडीचे मात्र सीटकव्हर पाहिले
आणि रंग.
रंग निळा होता, मोरचुदासारखा.

सहाव्या आठवड्यात
सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडच्या पुलावर, चढाला,
काटा लाल रेघेला जाऊन टेकला
आणि बॉनेटच्या फटीतून वाफ.
"मावशी, बंद करा, बंद करा!"
रिक्षावाला ओरडला आणि निघूनही गेला.
बंद केली.
तरी ती आतल्या आत टिकटिकत राहिली,
भांडण संपल्यावरही कुणी
स्वयंपाकघरात पुटपुटत राहावं तशी.

कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या गॅरेजात,
हश्मतनं डिपस्टिक उपसून माझ्यासमोर धरली.
ऑइल नव्हतंच ते.
कँटीनचा चहा, दूध जास्त पडलेला.
नमुना पाहिल्यावर रिपोर्ट मला कुणी सांगायला नको:
जे वेगवेगळं वाहायला हवं
ते एकमेकांत मिसळलंय.
"हेड गया, मॅडम. गॅस्केट तो गया ही,
हेड भी टेढा."
बेचाळीस हजार. लेथवाल्याचे वेगळे.
गाडी घेतली होती एक लाख दहाला.

तावडेला फोन लावला.
म्हणाला, "ताई, जुन्या इंजिनची गॅरंटी
कोण देतं? माणसाची देतात का?"
हे वाक्य मी लॅबच्या खिडकीतून
कितीतरी नातेवाइकांना ऐकवलं होतं,
शब्द जरा मऊ करून.
म्हणून गप्प बसले.
चिडले रात्री, दूध उतू गेलं तेव्हा.
गॅस पुसताना तावडेच्या सात पिढ्या काढल्या.

डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडलं
जुनं पीयूसी, केसांची एक पिन
आणि सर्व्हिसचं बिल:
फिलोमिना नुनीस, ऑर्लेम, मालाड. नंबर चालू होता.

"गरम व्हायची हो," ती म्हणाली,
घरातल्या माणसाचा स्वभाव सांगावा इतकं सहज.
"मग मी हीटर लावायची. मे महिन्यात पण.
काचा खाली, हीटर फुल.
इंजिनची गरमी आपल्या अंगावर घ्यायची,
की काटा उतरतो. चार वर्षं चालवली तशी.
त्या तावडेला सांगितलेलं मी.
त्यानं तुम्हाला नाय सांगितलं?"
मग थोडं थांबून,
"हॉर्न अजून दोनदा दाबल्यावरच वाजतो काय?"
हो, म्हटलं.
"वाजेल, वाजेल," ती म्हणाली, आणि हसली,
आणि मी पण हसले, कशाला कोण जाणे.

भाचा म्हणाला, भंगारात घाल, बावीस हजार येतील.
मी एक एफडी मोडली.
शहाणपण नव्हतं ते. मला कळत होतं.
पण अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीनदा नापास होऊन
लायसन काढलंय मी.

हश्मतनं जुनं गॅस्केट पेपरात गुंडाळून दिलं.
दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये
जळालेली जागा, करंगळीच्या नखाएवढी.
एवढंच?
"इतना ही होता है," तो म्हणाला
आणि पुढच्या गाडीखाली शिरला.

आता पुलाच्या चढाला मी रेडिओ बंद करते.
काटा मध्यावर असतो
तरी हात हीटरच्या बटणापाशी जाऊन थांबतो,
त्या बाईचा हात असल्यासारखा.

परवा तो करार पुन्हा बाहेर काढला.
जाड ओळीखाली थोडी जागा कोरी होती.
रिपोर्टवर शेरे मारायचे तशा बारीक अक्षरात लिहिलं:
हेड घासून बसवलं, गॅस्केट नवं, बिल जोडलं आहे.
क्लच उशिरा सुटतो.
मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही.
हॉर्न दोनदा दाबावा.